जुन्या कॉम्प्रेसरची टाकी आतून सडते

बंद पडलेल्या गॅरेजमधला जुना कॉम्प्रेसर (हवा दाबून टाकीत भरणारे यंत्र) स्वस्तात मिळाला, तर वरचा ताजा रंग बघून फसू नका. हवा दाबली गेली की तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते, ते टाकीच्या तळाशी साचते आणि गंज तिथूनच, आतल्या बाजूने, पत्रा खात जातो. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे पाणी फारच साचते. म्हणून काम संपले की दाब उतरवून तळाचा ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) रोज उघडा.

पाण्याबरोबर गंजाचे पापुद्रे आले, तर टाकीत हवा भरूच नका. आधी जाणकाराकडून पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्या. टाकी काठोकाठ पाण्याने भरतात, आत हवा अजिबात ठेवत नाहीत आणि हातपंपाने नेहमीपेक्षा जास्त दाब देतात. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे पत्रा फाटला तरी पाणी गळून दाब लगेच पडतो. 8 बार दाबाची (वातावरणाच्या साधारण आठपट) हवा मात्र पत्र्याच्या चिंधड्या उडवते.

बारीक छिद्र दिसले तर वेल्डिंगचे ठिगळ कृपा करून लावू नका. भोवतालचा पत्राही पातळच झालेला असतो. टाकी भंगारात काढा. आणि गळतो म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हच्या (जादा दाब आपोआप बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) जागी बूच कधीही बसवू नका.