नागनदीतून प्रवाळाकडे: क्रोशाचा पहिला गट चालवताना

नागपुरात बसून पोरांकडून समुद्र विणून घेणार, असं घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "आधी अंबाझरी तलाव तर विणून दाखव." चेष्टाच होती, पण पहिली चूक तिथेच कळायला हवी होती. मी पहिल्या दिवशी प्रवाळाचे फोटो घेऊन गेले. पंधरा मुलं, त्यातल्या बाराजणांनी समुद्र पाहिलेला नाही. फोटो बघून झाले आणि सगळे गप्प.

दुसऱ्या रविवारी फळ्यावर नागनदी काढली. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा-वर्धा एक होऊन प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. एका मुलीने विचारलं, "म्हणजे आमच्या नाल्याचं पाणी समुद्रात जाते का, ताई?" खरा वर्ग तिथून सुरू झाला. तुम्हीही आपल्या वस्तीतल्या पाण्यापासूनच सुरुवात करा.

आता विणकाम. मासे, कासवं विणायला लावू नका, नवख्याचा मासा बटाट्यासारखा होतो आणि पोरगं खट्टू होतं. एकच नियम द्या: गोल विणायचं आणि दर तिसऱ्या टाक्यात दोन मुके खांब (क्रोशाचे आखूड, साधे टाके) घालायचे. बारा टाक्यांची फेरी आठ फेऱ्यांत सुमारे १२० टाक्यांवर जाते. एवढे टाके सपाट मावत नाहीत, म्हणून कडेला आपोआप चुण्या पडतात आणि हातात प्रवाळ येतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना ताइमिना यांनी १९९७मध्ये अतिपरवलयी (हायपरबोलिक) भूमिती, म्हणजे अशा चुण्या पडणाऱ्या पृष्ठांची भूमिती, समजावायला क्रोशा वापरला. त्यावरून लॉस एंजेलिसच्या मार्गारेट आणि ख्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी २००५मध्ये क्रोशाची प्रवाळभिंत सुरू केली, आणि मग जगभरातल्या गावागावांतून लोक आपापली भिंत विणू लागले. या विषयात टाका चुकला तरी बिघडत नाही, हे मला फार आवडतं. ज्याचा हात घट्ट, त्याला मात्र एक नंबर मोठी सुई द्या, नाहीतर तिसऱ्या फेरीत सुई आतच शिरत नाही.

दोरा घेताना मी फसले. इतवारी बाजारातून स्वस्त, झगझगीत अ‍ॅक्रिलिक लोकर आणली. महिनाभराने एका मुलाने लेबल वाचून विचारलं, "हे प्लास्टिकच ना?" प्लास्टिकच. धुतलं की त्याचे बारीक तंतू पाण्यात सुटतात, म्हणजे पुन्हा आमच्याच नाल्यात. उसवायला कुणी तयार होईना, मग सगळे तुकडे जोडून नागनदीपासून समुद्रापर्यंतचा जो लांब पट्टा आम्ही करत होतो, त्याच्या नागनदीच्या टोकाला ते लावले. पुढचं सगळं सुती दोऱ्यात झालं.

काही प्रवाळ मुद्दाम कोऱ्या पांढऱ्या दोऱ्याचे केले. प्रवाळाला रंग देणारं सूक्ष्म शैवाल त्याच्या अंगातच राहतं. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद्या अंशानेच जास्त तापलं, पण आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ ते बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. मे महिना पंख्याखाली काढणाऱ्या पोरांना हे सांगायला फार शब्द लागले नाहीत.

वेळेचा अंदाज: विणायला तीन महिने पुरतात, पण तुकडे एकमेकांना जोडण्याचं काम कंटाळवाणं असतं आणि ते शेवटी दोघा-तिघांवरच येतं. आमच्याकडे त्याला आणखी सहा रविवार गेले. मागे जुन्या धोतराचं अस्तर लावा. आम्ही नुसतं खिळ्यांवर टांगलं होतं, दुसऱ्याच दिवशी गोदावरी फाटली.