घर सोडून शहरात येताय? आधी कागद आणि फोन

मारहाणीला किंवा जबरदस्तीच्या लग्नाला कंटाळून मुंबई-पुण्याला येणाऱ्या क्विअर (समलिंगी, उभयलिंगी वगैरे) आणि ट्रान्स व्यक्तींच्या मागोमाग बहुधा पोलीस येतात. गावाकडच्या ठाण्यात ‘मिसिंग’ नोंदवली जाते. दोघी किंवा दोघे जोडीने निघाले असतील, तर एकावर दुसऱ्याला पळवल्याचा, नाहीतर घरातले दागिने चोरल्याचा आरोप येतो. तयारी हे गृहीत धरूनच करावी.

आधी वय. १८ पूर्ण नसतील तर कुणा सज्ञान जोडीदाराबरोबर निघू नका. तुमची संमती असली तरी त्या व्यक्तीवर अपहरणाचा आणि पॉक्सोचा (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) गुन्हा लागू शकतो. अशा वेळी १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा.

वयाचा पुरावा म्हणून दहावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला मूळ प्रतीत जवळ हवा. ट्रान्स व्यक्तीकडे जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेलं ओळखपत्र असेल तर तेही घ्या. मूळ कागद कपाटाच्या किल्लीआड असतील, तर निदान डिजिलॉकर या सरकारी ॲपमधून गुणपत्रिका उतरवून घ्या. सोनं, आईची रोकड, वडिलांचं एटीएम कार्ड यांना हात लावू नका. स्वतःच्या कष्टाची साखळी असली तरी पावती नसेल तर ती घरीच राहू द्या; चोरीच्या तक्रारीला तेवढं निमित्त पुरतं.

खरी पंचाईत आधारची होते. बऱ्याच घरांत सगळ्यांच्या आधारला वडिलांचाच मोबाइल नंबर जोडलेला असतो. मग डिजिलॉकर उघडा, नवं खातं काढा किंवा खोलीचा करार करा, ओटीपी त्यांच्या फोनवर जातो आणि तुम्ही काय करताय हे घरबसल्या कळतं. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. बोटांचे ठसे द्यावे लागतात, शुल्क किरकोळ असतं, कागद लागत नाहीत. सिमही स्वतःच्या नावावर हवं. बँकेचे एसएमएस कुठे जातात ते पाहा; खातं पालकांबरोबर जोडखातं असेल तर दुसऱ्या बँकेत स्वतंत्र उघडा. फोनमधलं लोकेशन शेअरिंग बंद करा, गूगल खात्यावर आणखी कोणते फोन लॉग-इन आहेत ते तपासा आणि पासवर्ड बदला.

निघाल्यावर त्याच दिवशी पोलिसांना पत्र गेलं पाहिजे. मिसिंगच्या आधी पोहोचलं तर उत्तम, पण उशीर झाला म्हणून टाळू नका. मजकूर छोटा ठेवा: मी सज्ञान आहे (जन्मतारीख, पुराव्याची प्रत सोबत), स्वखुशीने घर सोडलं आहे, मला कुणी पळवलेलं नाही, घरातला कोणताही ऐवज नेलेला नाही, माझ्या जिवाला अमक्यांकडून धोका आहे, माझा ठावठिकाणा त्यांना कळवू नये. खाली सही आणि तारीख. हे पत्र गावचं पोलीस ठाणं, जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक आणि नव्या शहरातलं जवळचं ठाणं या तिघांना स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा, पावत्या जपा. पाकिटावरच्या शिक्क्यावरून शहर कळतं, त्यामुळे वकिलामार्फत पाठवलेलं बरं.

‘फक्त एक सही करायला ठाण्यात या’ असा गावाहून फोन आला तर एकट्याने जाऊ नका. तिथे बहुतेक वेळा नातेवाईक आधीच बसलेले असतात. जबाब इथल्या ठाण्यात, वकिलासमोर देतो असं लेखी कळवा. धमकी आली तर ११२. मारहाण झाली असेल तर झीरो एफआयआर, म्हणजे घटना कुठल्याही हद्दीत घडली तरी घेतला जाणारा गुन्हा, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो.

वकिलाला पैसे नसतील तर १५१०० वर किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. घरच्यांनी उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस (व्यक्तीला कोर्टापुढे हजर करा, अशी याचिका) टाकलं, तर वकिलाला सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०२४ च्या देवू जी. नायर निकालाची आठवण करून द्या. न्यायाधीशांनी त्या व्यक्तीशी घरच्यांच्या गैरहजेरीत, बंद दालनात बोलावं, समुपदेशनाच्या नावाखाली तिची ओळख बदलायचा प्रयत्न करू नये आणि गरज पडल्यास लगेच संरक्षण द्यावं, असं त्यात सांगितलं आहे. ‘डॉक्टरकडे नेऊन बरं करतो’ या धमकीलाही कायद्याचं पाठबळ नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार कुटुंबाच्या किंवा समाजाच्या चालीरीतींशी न जुळणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही.

राहायचं कुठे? ट्रान्स व्यक्तींसाठी केंद्र सरकारच्या योजनेतली गरिमा गृहं आहेत. जागा मर्यादित, म्हणून आधी फोन करूनच निघा. स्त्रियांना सखी वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवस आसरा मिळतो (हेल्पलाइन १८१), पण काही ठिकाणी कर्मचारी ‘समेट’ घडवायला पालकांनाच बोलावतात. आत गेल्या गेल्या लेखी नकार देऊन ठेवा. मुंबईत हमसफर ट्रस्ट (१९९४ पासून) आणि लेबिया, पुण्यात समपथिक ट्रस्ट, नागपुरात सारथी ट्रस्ट. या संस्थांकडे ओळखीचे वकील आणि डॉक्टर असतात. रात्री बारा वाजता फोन उचलला जाईलच असं नाही, म्हणून निघण्याआधीच बोलून ठेवावं. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, मराठीतही.

खोली घेताना लीव्ह अँड लायसन्स करार (भाडेकरार) नोंदवून घ्या, त्यावर दोघांचीही नावं हवीत; तोच पुढे पत्त्याचा पुरावा होतो. मालकाला नातं सांगायची सक्ती नाही, पण ‘आम्ही बहिणी’ असं ठोकून देऊ नका. पोलीस पडताळणीत आडनावं आणि वडिलांची नावं समोर येतातच.

बस्तान बसवता बसवता बँकेचंही पाहा. क्विअर जोडीदारांना जोडखातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला मनाई नाही, असं अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं आहे. शाखेत कारकून अडून बसला तर त्या पत्राची छापील प्रत पुढे करा. मात्र नॉमिनीच्या हाती पैसे आले तरी वारस म्हणून घरचे दावा करू शकतात. त्यासाठी साध्या कागदावर मृत्युपत्र करा: दोन साक्षीदार, त्या दोघांच्याही सह्या, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको. नोंदणी सक्तीची नाही, पण घरच्यांशी वाद असेल तर करून घ्यावी.