फुटबॉल मॅच हरल्यावर अटॅक नेमका कुठे गंडला ते कसं शोधायचं

टीम हरली, गोल एकही नाही, आणि शेवटची शिट्टी वाजायच्या आत सगळ्यांचं ठरलेलं असतं की स्ट्रायकर भंगार आहे. असेलही, पण त्याचा नंबर सगळ्यात शेवटी. आधी हे बघा की चान्स बनले आणि घालवले, की बनलेच नाहीत, की बॉलच तिथवर पोचला नाही. तिन्ही वेळा आपण "अटॅक चालला नाही" एवढंच म्हणून मोकळे होतो, पण तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि इलाज पण वेगळा.

2022 च्या वर्ल्ड कपमध्येच वेगवेगळ्या प्रकारची उदाहरणं आहेत. जर्मनी जपानकडून 2-1 हरली तेव्हा चान्स ढीगभर होते, पोस्टला लागला, जपानचा कीपर गोंडा एकामागोमाग एक अडवत बसला, आणि गोल आला तो फक्त पेनल्टीवर. उलट स्पेनने मोरोक्कोविरुद्ध 1000 च्या वर पास मारले आणि 120 मिनिटांत गोल शून्य, वर पेनल्टी शूटआऊटमध्ये पण एकही आत गेला नाही. आणि अर्जेंटिना सौदीकडून हरली ती केस अजून वेगळी, तिच्याकडे पुढे येतोच.

तर मॅच परत बघा, पण त्याच रात्री नको, डोकं तापलेलं असताना फक्त आपल्याला आवडत नाही त्याच प्लेयरच्या चुका दिसतात. पूर्ण 90 मिनिटं बघायला वेळ नसेल तर फक्त आपल्या टीमचे शॉट काढा आणि प्रत्येक शॉटपासून मागे मागे जा, शॉट कुठून मारला, त्याआधीचा पास कुणाचा, बॉल मुळात कुठे मिळाला होता. कागदावर मैदान काढायचं, शॉटच्या जागी फुली, हेडर असेल तर टिंब. बहुतेक फुल्या बॉक्सच्या (गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाच्या) बाहेर दिसल्या तर समोरच्यांनी तुम्हाला आत शिरूच दिलेलं नाही, मग शॉट वीस असोत नाहीतर तीस.

एक्सजीचा (एक्स्पेक्टेड गोल्स) आकडा मिळाला तर बघा जरूर, तशा जागेवरून तसा शॉट सरासरी किती वेळा गोल होतो त्याचा तो हिशोब. पण बेरीज बघून थांबू नका. 1.5 एक्सजी तीन सोप्या चान्सचा पण होतो आणि लांबून मारलेल्या पंचवीस फुसक्या शॉटचा पण. पेनल्टी तर आधी बाजूलाच काढा, ती एकटीच साधारण 0.76 ते 0.79 धरतात, त्यामुळे बाकी काहीच केलं नसलं तरी आकडा बरा दिसतो.

अजून एक, स्कोअर काय होता ते बघून मॅचचे तुकडे पाडा. समोरचे दोन गोलने पुढे गेले की ते मागे बसतात, बॉल तुमच्याकडे देतात, मग तुमचे शॉट आणि पझेशन (बॉल किती वेळ आपल्याकडे राहिला ते) आपोआप वाढतं आणि लोक म्हणतात सेकंड हाफ आपणच खेळलो. खरी माहिती बरोबरीत असतानाच्या मिनिटांत असते, तेव्हा काय बनवलं ते बघा.

आता माझं सगळ्यात आवडतं काम. विंगरला, म्हणजे कडेने खेळणाऱ्या अटॅकरला, साइडलाइनजवळ बॉल मिळाला आणि तो क्रॉससाठी (कडेवरून बॉक्समध्ये बॉल टाकायला) मान वर करतो तिथे व्हिडिओ पॉज करा. बॉक्समध्ये आपले किती आहेत ते मोजा, जवळच्या पोस्टला कोण पळतोय, लांबच्या पोस्टला कोण, आणि मागे काढलेला पास घ्यायला बॉक्सच्या कडेला मिडफिल्डर आलाय का. पाच-सहा क्रॉसला असं केलं की चित्र दिसायला लागतं. दर वेळी एकटा स्ट्रायकर दोन सेंटर बॅकच्या (मधल्या डिफेंडरच्या) मध्ये अडकलेला दिसत असेल तर विंगरला शिव्या घालून उपयोग नाही, तो बिचारा मारणार कुणाला. मिडफिल्डर वर का येत नाहीत हा खरा प्रश्न, आणि उत्तर बऱ्याचदा मागे सापडतं, काउंटरच्या (बॉल गेल्यावर होणाऱ्या झटपट उलट हल्ल्याच्या) भीतीने ते हाफलाइनजवळच थांबलेले असतात.

क्रॉसपर्यंत पण गोष्ट जात नसेल तर बिल्डअप बघा, म्हणजे मागून बॉल पुढे कसा आणला जातोय ते. सेंटर बॅककडून फुलबॅक (कडेचा डिफेंडर), परत सेंटर बॅक, मग दुसऱ्या बाजूचा फुलबॅक, असा बॉल नुसता यू आकारात फिरतोय आणि मधल्या डिफेन्सिव्ह मिडफिल्डरच्या अंगावर कायम एक जण चिकटलाय, म्हणजे मधला रस्ताच बंद केलाय. पझेशन अशा मॅचमध्ये छान दिसतं.

आणि ऑफसाइड (पास सुटताना अटॅकर साधारणपणे समोरच्यांच्या शेवटच्या डिफेंडरच्याही पुढे असणं) मोजा, हे कुणी मोजतच नाही. सौदीने डिफेन्स लाइन एवढी वर ठेवली होती की अर्जेंटिना पहिल्या हाफमध्येच 7 वेळा ऑफसाइड झाली, तीन गोल त्यातच रद्द झाले. रस्ता उघडा होता, फक्त पळण्याचा आणि पासचा टायमिंग जुळत नव्हता. अशा वेळी सिस्टिम बदलण्यापेक्षा मागून उशिरा पळत येणारा माणूस शोधणं जास्त कामाचं.

एक सांभाळा, टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे असतो, त्यामुळे स्ट्रायकर पळतच नव्हता असं छातीठोक सांगू नका, तो फ्रेमच्या बाहेर तीन वेळा पळून आला असेल आणि पास आला नसेल. स्वतःच्या टीमची मॅच असेल तर फोन उंचावर ठेवून अख्खं मैदान दिसेल असं शूट करा, आणि प्लेयर्सना पण विचारा, "तिथे तुला काय दिसत होतं?"

आता स्ट्रायकर. एका मॅचमध्ये दोन सोपे चान्स घालवले यावरून काहीच सिद्ध होत नाही, आठ-दहा मॅचचे शॉट एकत्र करून बघा. चांगल्या जागी पोचतोय आणि गोल होत नाहीयेत, तर राहू द्या त्याला. शॉटच्या जागेपर्यंतच पोचत नसेल तर आधी त्याच्याकडे बॉल कसा येतोय ते तपासा, आणि तिथेही सगळं ठीक निघालं तर मग खुशाल बेंचवर बसवा.