हार्नेस तुटला तर जबाबदार कोण? आधीच करून ठेवायच्या गोष्टी

पावसाळ्यात सह्याद्रीत रॅपलिंगला, म्हणजे दोराने कडा उतरायला जाताय ना, मग पैसे भरायच्या आधी ऑपरेटरला विचारा की पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे ती लागते, "आम्ही कित्येक वर्षं करतोय" हे काही उत्तर नाही.

मग हार्नेस, म्हणजे दोर अडकवायला कमरेला-मांड्यांना बांधतात तो पट्टा, हातात घ्या. पट्ट्याच्या आत लेबल शिवलेलं असतं, त्यावर ईएन १२२७७ किंवा यूआयएए (ही सुरक्षा मानकांची नावं) आणि बनवल्याचं वर्ष बघा, पुढच्या बिले लूपवरून, म्हणजे दोराचं साधन अडकवतात त्या कडीसारख्या पट्टीवरून, बोट फिरवा, शिवण उसवलेली, धागे फुललेले असले तर सरळ दुसरा मागा, लाजायचं काय त्यात. आणि फोटो काढाच.

"काही झालं तर आमची जबाबदारी नाही" असा फॉर्म पुढे येतो. सही केली म्हणजे सगळं संपलं असं नाही, ऑपरेटरचा निष्काळजीपणा दाखवता आला तर ग्राहक आयोगात जाता येतं. पण आपणही शहाणपणा करायचा नाही, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८७ सांगतं की वस्तू चुकीची वापरली किंवा तिच्यात फेरफार केला असेल तर विक्रेत्यावर दावा चालत नाही. स्वतःच्या हार्नेसला घरी टाके घातलेत? मग विसरा.

अपघात झालाच तर तुटलेला भाग पंचनाम्यात नोंदवायला लावा, पावती, यूपीआयचा स्क्रीनशॉट, डॉक्टरचे कागद सांभाळा. ग्राहक आयोगात तक्रार २ वर्षांच्या आत करायची, वस्तू किंवा सेवेसाठी तुम्ही मोजलेले पैसे ५ लाखांच्या आत असतील तर फी लागत नाही.