सावत्र मुलांची अमेरिकेची फाईल लावताय? या चुका टाळा

दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यातून अमेरिकेला जाणाऱ्या फायली, म्हणजे तिकडे कायम राहायला जाण्याच्या व्हिशाचे अर्ज, आता नवलाच्या राहिल्या नाहीत. मुलगा इंजिनिअर होऊन तिकडे गेला, तिथला नागरिक झाला, पहिलं लग्न मोडलं आणि दुसरं त्यानं गावाकडच्याच ओळखीतल्या घटस्फोटित किंवा विधवा बाईशी केलं. बाईला पहिल्या नवऱ्यापासून एक-दोन लेकरं. नवरा म्हणतो, सगळ्यांनाच नेतो. त्याची दानत चांगली, पगारही चांगला, तरी फाईल अडते. मी तहसील कचेरीसमोर अर्जनवीस म्हणून बसतो, लोकांना गावाकडचे कागद जमवून देतो. दरवेळी त्याच चुका पाहून जीव तुटतो, कारण घाई मोठ्यांची असते आणि भोगतात लेकरं.

आधी नियम नीट समजून घ्या. अमेरिकेच्या कायद्यात सावत्र मूल धरलं जाण्यासाठी आईचं आणि सावत्र बापाचं लग्न मुलाला १८ वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं लागतं. मूल २१ च्या आतलं आणि बिनलग्नाचं लागतं. नवरा नागरिक असेल तर बायकोचा आय-१३० अर्ज (नातेवाइकाला तिकडे नेण्यासाठी भरायचा फॉर्म) वेगळा आणि प्रत्येक लेकराचा वेगळा. बायकोच्या अर्जाला मुलं आपोआप जोडली जात नाहीत. ती सोय नवरा फक्त ग्रीनकार्डधारक, म्हणजे नागरिक नव्हे तर कायम राहण्याची परवानगी असलेला, असेल तेव्हाची आहे. हे न कळल्यामुळे आईचा व्हिसा आला आणि पोरगं आजीकडे राहिलं, असं होतं.

सिद्ध करायच्या गोष्टी तीन. मूल या आईचं आहे, हे जन्म दाखल्यावरून. आई या माणसाची बायको आहे, हे विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्रावरून. आणि दोघांचीही आधीची लग्नं कायद्यानं संपलेली आहेत, हे कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून किंवा मृत्यू दाखल्यावरून. तिसऱ्या गोष्टीवर सगळ्यात जास्त फायली मरतात.

सोडचिठ्ठीवर विसंबणं

आपल्याकडे स्टँपपेपरवर सोडचिठ्ठी लिहितात, पंचांच्या सह्या घेतात, नोटरीचा शिक्का मारतात आणि बाईचा पाट लावून देतात. गावात त्यावर कोणी बोट ठेवत नाही. "पंचाइतीनं मोकळं केलं, समाजानं मानलं, आता कोर्टात कायले जाचं?" हे वाक्य मी कायम ऐकतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) नं रूढीच्या घटस्फोटाला जागा ठेवली आहे, हे खरं. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. गोंड, कोलाम अशा अनुसूचित जमातींना तो सहसा लागू नाही, त्यांची त्यांची रूढी चालते. पण रूढी आहे, ती जुनी आहे, कोर्टानं मानलेली आहे, हे दाखवण्याची जबाबदारी अर्ज करणाऱ्यावर असते. नेब्रास्कात की टेक्ससमध्ये बसलेल्या अधिकाऱ्याला तुमचे पंच कोण हे माहीत नसतं. त्याच्यापुढे फक्त स्टँपपेपर असतो.

दिग्रसकडच्या एका बाईचं प्रकरण सांगतो. पहिला नवरा दारूपायी सुटला, सोडचिठ्ठी झाली, बाई लेकीला घेऊन माहेरी आली. काही वर्षांनी अमेरिकेतल्या नात्यातल्या माणसाशी लग्न झालं, ग्रामपंचायतीत नोंदही झाली. लेक तेव्हा सोळाची, म्हणजे नियमात बसणारी. दोघींचे अर्ज गेले. तिकडून पत्र आलं: पहिल्या लग्नाच्या घटस्फोटाचा कोर्टाचा कागद पाठवा. घरच्यांनी दुसऱ्या गावचा एक वकील गाठला. तो म्हणाला, परस्पर संमतीचा घटस्फोट घेऊन टाकू, पहिला नवरा सही द्यायला तयार आहे, काम लवकर होईल. झालंही. हुकूमनामा हातात आला तेव्हा घरात पेढे वाटले.

तोच कागद त्यांच्यावर उलटला. हुकूमनाम्याची तारीख दुसऱ्या लग्नानंतरची. म्हणजे त्यांनी स्वतःच कोर्टातून लिहून आणलं की दुसरं लग्न लागलं तेव्हा पहिलं चालू होतं. मग दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ आणि ११ प्रमाणे मुळातच रद्दबातल. ते लग्नच नाही, तर सावत्र नातंही नाही. दोन्ही अर्ज नामंजूर झाले. नवराबायकोनं पुन्हा लग्न केलं, बायकोची फाईल नव्यानं लागली, ती गेली. पण नव्या लग्नाच्या दिवशी लेक अठराच्या पुढे गेली होती. सावत्र बापाच्या नावावर तिला जाता आलं नाही ते आलंच नाही. आईनं ग्रीनकार्ड हातात आल्यावर स्वतःची पोटची लेक म्हणून तिचा अर्ज लावला. त्या रांगेत वर्षं जातात. पोरगी आजीकडे राहून बी.एस्सी. करते आहे.

अशा वेळी आधी हे बघायचं की सोडचिठ्ठी समाजाच्या खऱ्या रूढीप्रमाणे झाली होती का. झाली असेल, तर नवा घटस्फोट मागायचा नाही. जुना घटस्फोट अमुक तारखेला रूढीनं झालेला आहे, असा घोषणेचा दावा लावायचा. जिथं कुटुंब न्यायालय आहे तिथं त्याच्याकडे, नाहीतर दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे. साक्षीदार म्हणून पंच जिवंत असतील तोवरच हे सोपं आहे. रूढी सिद्ध होण्यासारखी नसेल, तर संमतीचा घटस्फोट घ्या, पण दुसरं लग्न लावण्याच्या आधी. आणि वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा की हा कागद अमेरिकेत दाखवायचा आहे आणि मुलाची जन्मतारीख ही आहे. नाहीतर तो जवळची वाट काढून देतो, आणि लग्न, मूल, अठरा वर्षं याचा हिशेब कोणीच करत नाही. एकतर्फी हुकूमनामा असेल तर अपिलाची ९० दिवसांची मुदत संपल्याशिवाय लग्नाची तारीख काढू नका.

माझी एक सवय आहे. कोणीही आलं की वहीच्या पानावर आधी चार तारखा लिहून घेतो: मुलाचा जन्म, त्याचा अठरावा वाढदिवस, दोन्ही बाजूंची आधीची लग्नं संपल्याची तारीख, नवं लग्न. अठरावा वाढदिवस लाल शाईनं. या तारखा ओळीनं बसत नसतील तर मी फॉर्मला हात लावत नाही. लोक चिडतात, "भाऊ, फॉर्म तर भरा, मंग पाहू" म्हणतात. मी नाही भरत.

जन्मदात्या बापाचं नाव पुसणं

ही दुसरी चूक मायेपोटी होते, म्हणून समजावणं जड जातं. "आता बाप हाच आहे नं तिचा? मंग त्या जुन्याचं नाव कायले ठेवाचं?" असं आजी विचारते. आपल्याकडे लेकराच्या नावामागे बापाचं नाव लागतं, त्यामुळे हात पहिला तिथंच जातो. राजपत्रात नावबदल, आधारवर नवं नाव, मग शाळेत खटपट करून टी.सी.वर नवं नाव. फाईल जाते तेव्हा आधार एक सांगतो आणि ग्रामपंचायतीचा जन्म दाखला दुसरं.

सावत्र नात्याच्या अर्जात जन्मदात्या बापाचं नाव अडचण नसतं. उलट तेच नाव लागतं. जन्म दाखल्यावर आई आणि पहिला नवरा दिसला पाहिजे, त्या नवऱ्याशी झालेलं लग्न संपल्याचा कागद दिसला पाहिजे, मग नव्या नवऱ्याशी लग्न. आय-१३० मध्ये सावत्र मुलासाठी स्वतंत्र चौकट आहे. ती सोडून सख्ख्या मुलाच्या चौकटीत खूण केली तर ते खोटं निवेदन ठरू शकतं, आणि तसा ठपका बसला तर प्रवेशबंदी आयुष्यभराची असू शकते.

एका दहा वर्षांच्या मुलीला घरच्यांनी पढवून ठेवलं होतं की बापाचं नाव विचारलं तर नव्याचंच सांगायचं. विदर्भ एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून ती आईसोबत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत पोचली. खिडकीवरच्या अधिकाऱ्यानं सहज विचारलं, पोरीनं पढवलेलं नाव सांगितलं, समोरच्या दाखल्यावर दुसरंच. २२१-जी ची, म्हणजे व्हिसा तूर्त अडवल्याची, चिठ्ठी हातात पडली आणि जुने कागद नव्यानं मागवले गेले. लेकराला खरंच बोलायला सांगा. जन्म देणारे बाबा वेगळे, हे बाबा वेगळे, हे दहा वर्षांच्या पोरीला कळतं.

दत्तकपत्राचाही कोणी सल्ला देतं. त्याची गरज नसते. दत्तक मुलासाठी अमेरिकेत दत्तक १६ वर्षांच्या आत झालेलं लागतं आणि दोन वर्षांचा ताबा व एकत्र राहणं दाखवावं लागतं. ती वाट सावत्र नात्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

दाखला चुकीच्या गावी शोधणं

जन्माची आणि मृत्यूची नोंद घटना जिथं घडली तिथं होते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, किंवा यवतमाळच्या दवाखान्यात, किंवा अमरावतीच्या डफरीन दवाखान्यात. लोक मात्र सासरच्या ग्रामसेवकाकडे जातात. त्याच्या रजिस्टरला नोंद नसते, तो नमुना १० चा अनुपलब्धता दाखला देतो, आणि यांना वाटतं नोंदच झालेली नाही. मग उशिराची नोंद करायला धावतात. वर्ष उलटल्यावरच्या नोंदीला २०२३ च्या दुरुस्तीपासून जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. तो आदेश मिळतो, नवी नोंद होते, आणि जुनी नोंद माहेरच्या रजिस्टरला तशीच पडून असते. एका मुलाचे दोन जन्म. हे निस्तरायला फार त्रास होतो. आधी बाळंतपण कुठं झालं ते आजीला विचारा. विधवेच्या बाबतीत नवरा नागपूरला किंवा सेवाग्रामला वारला असेल तर मृत्यूची नोंद तिथंच सापडेल.

बाकीच्या चुका थोडक्यात. शाळेतली जन्मतारीख गुरुजींनी जूनची लिहिलेली असते. दाखल-खारीज रजिस्टर आणि जन्म दाखला जुळत नसतील तर दाखल्याची तारीख धरा, आणि पासपोर्ट त्यावरूनच काढा. आईचं नाव दाखल्यावर पहिल्या सासरचं, पासपोर्टवर दुसऱ्या सासरचं असतं, म्हणून दोन्ही लग्नांचे पुरावे सोबत लावा. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर पूर्ण हवं आणि खाली भाषांतर करणाऱ्याचं सहीनिशी प्रमाणपत्र हवं. आईच्या अर्जात तिची सगळी मुलं लिहा, न जाणारीही. मुलाच्या पासपोर्टसाठी पहिला बाप सही देत नसेल तर एकट्या पालकासाठीचं परिशिष्ट सी आहे, खोटी सही मारू नका. आणि सावत्र बाप-लेकाच्या फोटोंचे अल्बम पाठवत बसू नका. १९८१ मध्ये अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळानं ठरवलं आहे की सावत्र मुलासाठी जिव्हाळा सिद्ध करावा लागत नाही. तपासतात ते नवराबायकोचं लग्न खरं आहे का. फोटो, पैशांचे व्यवहार, प्रवास हे त्या दोघांचे लावा.

शेवटच्या महिन्यांत येणारे

पोरगं सतरा वर्षं आठ महिन्यांचं असताना माझ्याकडे येणाऱ्यांनी एवढं ऐकावं. आधीच्या लग्नांचे कागद पूर्ण असतील तर हॉल, पत्रिका, वऱ्हाड यांच्यामागे न लागता लग्न विधीनं लावून घ्या आणि लगेच नोंदवा. विशेष विवाह कायद्याच्या वाटेनं गेलात तर ३० दिवसांची नोटीस लागते, ते दिवस आधी मोजा. अठराची अट लग्नाला आहे, अर्जाला नाही. नागरिक बापानं मूल २१ चं व्हायच्या आत आय-१३० भरला तर वय त्या तारखेला गोठतं, म्हणजे पुढे २१ उलटलं तरी अडत नाही. म्हणून लग्न झाल्यावर अर्धवट कागदांचा गठ्ठा घाईनं पाठवू नका, सगळं जुळवून पाठवा. आणि फाईल चालू असताना चांगलं स्थळ आलं म्हणून पोरीचं लग्न उरकू नका. नागरिक सावत्र बापाच्या अर्जात लग्न झालेली लेक कितीतरी लांबच्या रांगेत जाते, आणि ग्रीनकार्डवाल्या आईनं लावलेला अर्ज तर त्याच दिवशी संपतो.