झोपेचं घड्याळ सरकत नाहीये? उजेडाच्या या चुका टाळा

झोप वेळेवर येत नाही म्हणून विचारायला येणाऱ्याला आधी गोळीचं नाव हवं असतं, मग ॲपचं. आणि 'दिवसभरात डोळ्यांत उजेड किती गेला' असं मी विचारलं की चेहरा असा होतो की जणू विषयच बदलला. अरे, विषय तोच आहे!

मेंदूतलं मुख्य घड्याळ म्हणजे सुप्राकायझ्मॅटिक न्यूक्लियस, साधारण २०,००० पेशींचा ठिपका, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर. माणसात त्याचा फेरा सरासरी २४ तास आणि वर दहा-बारा मिनिटं, म्हणजे रोज जुळवलं नाही तर रोज तेवढं मागे पडणार, आणि जुळवायचं काम मुख्यतः डोळ्यांतून येणाऱ्या उजेडाचं.

सगळ्यात लाडकी चूक: पहाटे उठून लाइट मारणे. ही मी स्वतः केलीय. तेव्हा मी रात्री अडीचला झोपून दहाला उठायचो, एक दिवस डोक्यात आलं की आता सकाळचा माणूस व्हायचं, साडेचारचा अलार्म लावला आणि १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिवा तोंडासमोर ठेवून तासभर बसलो, असं आठवडाभर. झालं काय, तर झोप चार वाजता यायला लागली! दिव्याला शिव्या घातल्या, पण गाढवपणा माझा. शरीराचं तापमान आपल्या नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी तळाला जातं. त्याच्या आधी उजेड पडला तर घड्याळाला वाटतं अजून संध्याकाळच चाललीय आणि ते उशिराकडे सरकतं, त्याच्यानंतर पडला तर लवकरकडे. माझा तळ सात-साडेसातला, आणि मी साडेचारला डोळ्यांत दिवा घालून बसलेलो. आता कुणालाही मी हेच सांगतो की आपोआप जाग येते तेव्हाच बाहेर पड, आणि मग दर दोन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडे ये. हे हळू आहे, माहितीय. घाई असलेल्यांनीच माझ्यासारखा आठवडा घालवायचा असतो.

दुसरी चूक, 'घरात भरपूर उजेड आहे की'. नाहीये. खोलीत साधारण १०० ते ५०० लक्स, बाहेर ढगाळ असलं तरी हजारोंनी, कडक उन्हात लाखाच्या घरात. डोळा इतका पटकन जुळवून घेतो की फरक कळतच नाही. पण घड्याळाला बातमी पोचवणाऱ्या पेशी वेगळ्याच, रेटिनातल्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या, काही गँग्लियन पेशी, ज्या स्वतः उजेड ओळखतात हे २००२ साली सिद्ध झालं. त्यांच्यातलं मेलॅनॉप्सिन हे उजेड टिपणारं रंगद्रव्य ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला सगळ्यात जास्त दाद देतं. या पेशी निवांत, उजेडाची बराच वेळ बेरीज करत बसणाऱ्या, त्यामुळे दोन मिनिटं बाहेर डोकावून 'केलं मी' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मी स्वतः अर्धा तास चालतो, गॉगल न लावता. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, हेही सांगावं लागतं!

फोनला नाइट मोड लावला म्हणजे सुटलो, असंही नाही. रंग पिवळा केलात पण ब्राइटनेस फुल, आणि डोक्यावर पांढरी ट्यूब चालूच. आधी ती बंद करा.

सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत पडद्याआड झोपणं: सोमवारचं रडगाणं तिथूनच सुरू होतं.

मेलॅटोनिन ही झोपेची गोळी नव्हे, ते शरीरात रात्री तयार होणारं हार्मोन, अंधार पडल्याचा निरोप आहे. गोळी घेऊन लख्ख दिव्यात बसणाऱ्यांना काय बोलणार. आणि वेळ चुकली तर तीही घड्याळ उलटं सरकवते.

हां, आणि उजेड कातडीतूनही चालतो म्हणणारे अजून भेटतात. १९९८ मध्ये गुडघ्यामागे उजेड पाडून घड्याळ सरकल्याचा पेपर आला होता खरा, पण नंतर नीट तपासलं तेव्हा तसं काही सापडलं नाही. उलट दिसत काहीच नसलेल्या काही अंध माणसांत डोळ्यावर उजेड पडला की मेलॅटोनिन खाली येतं, कारण रेटिनातल्या त्या घड्याळवाल्या पेशी शाबूत असतात. रेटिनाचा आजार किंवा बायपोलर हा मनाचा आजार असेल तर मात्र दिवा विकत घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, मला नको.