अंतराळयानाचा नकाशा: आधी वाटा, मग खोल्या

सायफाय रोलप्लेइंग गेमसाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या खेळासाठी, यान आतून कसं काढायचं, यावरचे बहुतेक सल्ले खोल्यांच्या यादीपासून सुरू होतात. ब्रिज (यान चालवायची खोली), इंजिनरूम, केबिन, कार्गो, दवाखाना; मग मधोमध लांब कॉरिडॉर आणि दोन्हीकडे ओळीनं दारं. हा सल्ला सोडून द्या. असं यान कागदावर नीटनेटकं दिसतं, पण खेळताना कंटाळा आणतं. जायला एकच रस्ता असेल तर खेळाडूंना ठरवायला काही उरतच नाही.

१. ‘खाली’ कुठे ते ठरवा

यान सतत इंजिनाच्या जोरावर वेग वाढवत असेल, तर ‘खाली’ म्हणजे इंजिनाची बाजू. मग डेक मजल्यांप्रमाणे एकावर एक येतात. फिरवून वजन निर्माण करायचं असेल, तर मिनिटाला दोन फेऱ्यांच्या वेगानं पृथ्वीइतकं वजन मिळायला सुमारे २२४ मीटर त्रिज्या लागते. लहान मालवाहू यानाला ते परवडत नाही. कृत्रिम गुरुत्वाकर्षण गृहीत धरलं असेल तर प्रश्नच मिटला.

२. माप पक्कं करा

चौकड्यांचा कागद घ्या, एक चौकट दीड मीटरची. अंदाज हवा असेल तर नागपूर स्टेशनवर रेल्वेचा एलएचबी (नव्या बनावटीचा) डबा आतून बघा. लांबी साडेतेवीस मीटर, रुंदी सव्वातीनच्या आसपास. म्हणजे तुमच्या कागदावर सोळा चौकटी लांब आणि जेमतेम दोन रुंद. त्यात स्लीपरचे ८० बर्थ बसतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की चार जणांच्या क्रूसाठी कोणी सभागृहाएवढा ब्रिज काढत नाही.

३. वाटा काढा

सगळा कस इथे लागतो. मलाही हाच टप्पा सगळ्यात जड गेला.

खोल्या अजिबात काढू नका. फक्त चार ठिपके द्या: यान जिथून चालतं ती जागा, जिथे बिघाड होतो ती, जिथे माणसं झोपतात ती आणि जिथून बाहेर पडता येतं ती. आता ठिपके रेघांनी जोडा. प्रत्येक ठिपक्यापर्यंत दोन वाटा हव्यात, आणि त्या दोन्ही सारख्या नकोत. एक जवळची पण उघड्यावरची असू द्या. दुसरी लांबची, पाइपांमधून रांगत जाण्याची किंवा कुणाकडून तरी किल्ली मागावी लागेल अशी. दोन्ही तितक्याच सोप्या असतील तर दुसरी काढून उपयोग नाही.

मग एक रेघ खोडा. तिथे आग लागली आहे असं धरा आणि कोण कुठे अडकलं ते बघा. फेब्रुवारी १९९७ मध्ये रशियाच्या मीर अंतराळस्थानकावर हेच घडलं. आत सहा जण होते आणि परतायला प्रत्येकी तिघांची दोन सोयूझ यानं. ऑक्सिजन तयार करणारा डबा पेटला आणि एका सोयूझकडे जायची वाट बंद झाली. तिघांना जागा, माणसं सहा. एवढा ताण कुठल्याही राक्षसानं येत नाही, आणि तो आला एका अडलेल्या वाटेमुळे.

दारांवरही तितकाच वेळ घालवा. दार कुठल्या बाजूनं बंद होतं, कोण बंद करू शकतं आणि त्याच्या चौकटीत काय पडलेलं आहे, हे प्रत्येक दारापाशी लिहा. त्याच वर्षी जूनमध्ये मालवाहू यान मीरच्या स्पेक्टर भागावर आदळलं. हवा गळू लागली, पण दार लगेच लावता येईना, कारण त्यातून केबल गेल्या होत्या. आधी केबल काढाव्या लागल्या, मग झाकण बसलं. तुमच्याही एका दारातून केबल जाऊ द्या.

सगळे डेक जोडणारा एकच जिना ठेवू नका. वर-खाली जाणाऱ्या वाटा समजून घ्यायच्या असतील तर संध्याकाळच्या गर्दीत नागपूर मेट्रोच्या सीताबर्डी इंटरचेंजवर जा. ऑरेंज आणि अ‍ॅक्वा लाइन तिथे वेगवेगळ्या पातळ्यांवरून एकमेकींना ओलांडतात. माणसं लाइन बदलताना कुठे तुंबतात आणि कुठून कडेनं निसटतात, हे टिपून आणा. असं एक तुंबणारं वळण यानातही हवं.

मात्र वाटांचं जाळंही करू नका. सगळीकडून सगळीकडे जाता आलं की भीती जाते. एक जागा मुद्दाम बंद टोकाची ठेवा, आणि खेळाडूंना हवी असलेली वस्तू तिथेच ठेवा.

४. खोल्या भरा

वाटा बसल्या की खोल्या आपोआप जागा घेतात. जेवणाच्या टेबलाकडे तेवढं लक्ष द्या. १९७३ च्या स्कायलॅब या अमेरिकन अंतराळस्थानकात ते त्रिकोणी होतं, म्हणजे तिघांपैकी कुणीच प्रमुखाच्या जागी बसत नसे. तुमच्या कॅप्टनची खुर्ची कुठे आहे, त्यावरून क्रू कसा आहे ते बोलण्याआधीच कळतं.

५. पंखे चालू ठेवा

वजनरहित अवस्थेत गरम हवा आपणहून वर जात नाही. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइड त्याच्या तोंडाभोवतीच साचू शकतो. म्हणून केबिनमध्ये पंखा सतत लागतो आणि यान सतत घुमत असतं. खेळ सुरू होताच तो आवाज सांगा. पुढे कधीतरी नुसतं “पंखा थांबला” म्हणा. पोट्टे लगेच सरळ होऊन बसतात.

६. नकाशा द्या

लपवाछपवी नको. कॅरॅक्टर त्या यानात राहतात, त्यांना रांगायच्या वाटांसकट सगळं माहीत असणार. पूर्ण नकाशा टेबलावर मधोमध पसरा. अनोळखी यानात शिरले असतील तरच तो कागदानं झाका आणि त्यांनी उघडलेल्या दारापुरताच कागद सरकवा.